गुडघ्याखालचं कोकण

लावणीच्या दिवसांत संध्याकाळी खळ्यातल्या पायरीवर बसून पाय धुणाऱ्या बाईचे पाय एकदा जवळून बघावेत. टाचा पांढुरक्या पडलेल्या असतात. कातडी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगलेली, भेगांच्या कडा उघड्या आणि आत तांबडा गाळ रुतून बसलेला. करंगळीच्या बाजूच्या बेचक्यांत चिखल्या, म्हणजे वरची साल सुटून खाली उघडी पडलेली ओली, गुलाबी जागा. ती नखाने थोडी चिखलाची रेष काढते, चुलीवर भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, वितळवते, भेगांत सोडते आणि झोपते. सकाळी सहाला तेच पाय पुन्हा खाचरात.

चिखल्यांना आपण आजार म्हणत नाही. पावसाळा म्हटला की चिखल्या आल्याच. पण त्या उघड्या बेचक्यातूनच लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू, आत शिरतो. फुरसं चावतं ते पावलाला नाहीतर घोट्याला, विंचू चपलेतून नांगी मारतो, काजूच्या बागेतलं गोचीड पोटरीवरून वर चढतं आणि किनाऱ्यावर पाकट माशाचा काटा लागतो तो पायालाच. कोकणातले बरेचसे जीवघेणे धोके जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या त्या दीड-दोन फुटांत राहतात, आणि आपण नेमका तेवढाच भाग उघडा ठेवून फिरतो.

लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून येतात हे आता गावोगाव ठाऊक झालंय. अर्धवट ठाऊक आहे ते असं, की गुरं, कुत्री आणि डुकरं यांच्या मुतातूनही ते येतात आणि ते जनावर दिसायला ठणठणीत असू शकतं. गोठ्याची मोरी खालच्या मळ्यात सोडलेली असते, बांधाला उंदरांची बिळं असतात, उडवीच्या, म्हणजे रचलेल्या पेंढ्याच्या, बुडाशी उंदरांचा राबता असतो. पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं धुऊन खाचरात उतरतं. उन्हाने वाळलेल्या जमिनीत हा जंतू टिकत नाही. उबदार, ओल्या चिखलात मात्र आठवडेच्या आठवडे तग धरतो. शिरायला त्याला कापलेली, खरचटलेली किंवा पाण्यात भिजून मऊ पडलेली कातडी पुरते. डोळे, नाक आणि तोंड यांच्या आतल्या ओल्या त्वचेतूनही तो जातो, म्हणून चिखलाच्या हाताने डोळा चोळणं किंवा तंबाखू मळून तोंडात टाकणं पायाच्या भेगेइतकंच वाईट.

चिखलात उतरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. तो हळूहळू चढत नाही, थंडी वाजून एकदम भरतो. डोकं फुटतं, कंबर धरते आणि पोटऱ्या दुखतात. पोटऱ्यांचं हे दुखणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. नुसता अंगठ्याने दाब दिला तरी माणूस पाय ओढून घेतो. दुसरी खूण डोळ्यांत दिसते. डोळे लालभडक होतात, पण चिपडं येत नाहीत. डोळे आलेत म्हणून थेंब टाकत बसलं की इथे फसगत होते. लावणीला गेलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांचा ठणका आणि असे कोरडे लाल डोळे असं एकत्र दिसलं, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं आणि दारातच सांगावं की मी चिखलात काम करतो. हे वाक्य रुग्णाने आपणहून सांगितलं पाहिजे. दीडशे जणांच्या रांगेत डॉक्टरांना ते विचारायला वेळ मिळेलच असं नाही.

सुरुवातीच्या दिवसांत या आजाराला डॉक्सीसायक्लिनसारखं साधं, स्वस्त औषध पुरतं. मोठ्या माणसाला 100 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस. उशीर झाला की कावीळ दिसते, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडतं. मग शिरेतून प्रतिजैविकं, डायलिसिस, कधी व्हेंटिलेटर लागतो आणि तो तालुक्याच्या गावी असेलच याची खात्री नाही. मधले दिवस कुठे जातात तेही ठरलेलं आहे. दोन दिवस अंगावर काढण्यात जातात, कारण लावणी थांबत नाही. एक दिवस दुकानातली अंगदुखीची गोळी खाण्यात जातो. तापाचं कारण कळलेलं नसताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात आणि रक्तस्रावाची भीती वाढवतात. घ्यायचीच तर पॅरासिटामॉल घ्यावी. आणि डोळे पिवळे झाले की दोन-तीन दिवस गावठी काविळीच्या औषधात जातात. पाल्याचा रस देणारा माणूस वाईट हेतूने देत नसतो, पण ही ती कावीळ नव्हे. तिसऱ्या दिवशी केलेली लेप्टोची रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. त्या तपासणीत आजाराविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधतात आणि ती दिसू लागायला पाच ते सात दिवस लागतात. म्हणून जाणते डॉक्टर लक्षणं पाहूनच औषध सुरू करतात.

आता प्रतिबंधाचं. दर जूनला ‘गमबूट घाला’ असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याने एकदा खाचरात उतरून पाहावं. चिखलणी केलेल्या मळ्यात पाय पोटरीपर्यंत रुततो, बूट गाळाने धरला जातो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. वाकून, मागे सरकत तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बाईला दिवसभर ते शक्य नाही. अशक्य सल्ला दिला की लोक सोबतचा शक्य सल्लाही सोडून देतात. गमबूट बांधावर, गोठ्यात, गवत कापताना, गटार साफ करताना आणि पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढताना घालायचा. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूण आणि महाड इथे लोक आठवडाभर घरांतला चिखल उपसत होते. तसल्या कामात गमबूट आणि रबरी हातमोजे नसतील तर कामाला हात लावू नये.

खाचरात उतरणाऱ्यांसाठी उपाय वेगळे आहेत. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. दुपारी भाकरी खायला बसताना आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावेत, बेचकी फडक्याने कोरडी करावीत. भिरंडेल चांगलंच, भेगा मऊ करतं, पण ते रात्री, कोरड्या पायाला. त्याने जंतू अडत नाहीत. लावणी चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिनचा 200 मिलिग्रॅमचा डोस आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने घेता येतो. गोळ्या जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, तसंच आठ वर्षांखालची मुलं यांना ती देत नाहीत. आशाताई घरोघर वाटतात त्या गोळ्या पुष्कळ घरांत कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेल्या राहतात. दर सोमवारी म्हणून ठरवून घेतल्या तरच त्यांचा उपयोग. रायगड जिल्ह्यातल्या नेरळला रुजलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यांवर भात टोकतात, चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात. मजुरी वाचते म्हणून शेतकरी तिकडे वळतात. चिखलात वाकून काढायचे तास कमी होतात, हाही फायदा मी त्यात धरतो.

कोरड्या बाजूला धोका गडग्यात असतो. जांभ्याचे चिरे नुसते एकावर एक रचलेली ती भिंत, चुना नाही, सिमेंट नाही, फटीच फटी. दिवसा तापलेला चिरा रात्री ऊब धरून राहतो, फटीत पाली आणि उंदीर सापडतात, आणि त्यांच्या मागे फुरसं येतं. हा साप जेमतेम फूट-दीड फुटाचा, मातकट अंगाचा. कातळसड्यावर पडलेल्या पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत, तो समोर असून दिसत नाही. डिवचला की अंगाचे वेढे एकमेकांवर घासतो आणि करवत चालावी तसा करकर आवाज येतो. त्या आवाजाला थांबावं आणि आलो त्याच पावलांनी मागे जावं. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. फुरशी संपली नाहीत.

चावण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, पातेरा हाताने गोळा करताना, काजूची बोंडं उचलताना, भात कापताना मूठ धरायला हात खाली जातो तेव्हा, आणि रात्री बॅटरी न घेता पाणंदीने येताना. पातेरा दाताळ्याने ओढावा. रात्री उजेड पायापुढे तीन-चार फुटांवर टाकावा, लांब नाही. गडग्याला लागून लाकडं आणि नारळाची सोडणं रचू नयेत.

चावल्यावर काय करायचं ते थोडक्यात सांगता येतं, पण करताना हात थरथरतात, म्हणून आधीच घोकून ठेवावं. माणसाला बसवावं, चालवू नये. अंगठ्या, पैंजण, जोडवी, बांगड्या लगेच काढाव्यात, कारण सूज चढली की त्या बोटात रुततात. पायाला फळी किंवा काठी लावून तो मोडलेल्या हाडासारखा स्थिर करावा. आवळून दोरी बांधायची नाही. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती संपवतं आणि जागच्या जागी मांस कुजवतं, दोरीने ते विष एका जागी कोंडून पाय गमावण्याची वेळ येते. ब्लेडने चीर द्यायची नाही, कारण न गोठणारं रक्त त्या चिरेतून वाहत राहतं. चोखणं, बर्फ, कोंबडी लावणं, काहीच नको. 108 ला फोन करावा आणि ती गाडी येण्याआधीच शेजाऱ्याची गाडी मिळत असेल तर त्यात घालून निघावं. साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही, त्या खटपटीत दुसरा माणूस चावून घेतो.

दवाखान्यात पहिल्यांदा होते ती तपासणी इतकी साधी आहे की नातेवाइकांनीही ती समजून घ्यावी. शिरेतलं 2 मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच राहिलं असेल तर विष भिनलेलं आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लॅस्टिकमध्ये ती तशी होत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. रक्त गोठत नसेल तर प्रतिविष शिरेतून देतात, सुरुवातीला साधारण 8 ते 10 कुप्या, आणि सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा. लहान मुलालाही मोठ्यांइतकंच प्रतिविष लागतं, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. पहिली तपासणी चांगली आली तरी निदान 24 तास देखरेखीखाली राहावं. फुरशाच्या चाव्यात माणूस पहिल्या दिवशी चालतो-बोलतो, चहा पितो, ‘काही झालं नाही’ म्हणून घरी जातो आणि तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जातं.

आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. झाडीतला हिरवा चापडा हा विषारी साप त्यात येत नाही. तिथे सूज, दुखणं आणि रक्त गोठतं की नाही यावर लक्ष ठेवून उपचार होतात, दवाखाना मात्र चुकवायचा नाही. मण्यारीची तऱ्हा वेगळी. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा बहुधा कळतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, घास गिळवत नाही. पित्त झालं म्हणून सोडा पाजत बसलेली माणसं तिथे सकाळ घालवतात. पावसाळ्यात खाटेवर झोपावं आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचावी. डासांसाठी घेतलेली ती मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते.

विंचवाच्या बाबतीत कोकणाने जगाला शिकवलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जात असत. मृत्यू हृदय आणि फुफ्फुसांवरच्या परिणामाने होतो हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपून ठेवलं आणि 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध नेमकी ती आवळण सैल करतं. वजनाच्या दर किलोला 30 मायक्रोग्रॅम, तोंडाने, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी, रुग्णाला आडवं ठेवून. ते वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यू फार कमी झाले. घरच्यांनी ओळखायचं ते एवढंच. नुसत्या आगीने मूल किंचाळत असेल आणि अंग कोरडं, गरम असेल तर बहुधा धोका कमी असतो. दुखण्याची तक्रार कमी, पण घाम सुटलाय, उलटी झालीये, लाळ गळतेय, हातपाय गार पडलेत, तर एक मिनिट घालवू नये. मोठ्या काळ्या विंचवाला आपण जास्त घाबरतो. खरा घातक तो बारीक चिमट्यांचा लाल विंचू. गमबूट असो की चप्पल, घालण्याआधी उलटी करून आपटावी.

काजूचा हंगाम सुरू झाला की सिंधुदुर्गात माकडतापाची भीती असते. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात हा विषाणू ओळखला गेला. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतर बांदा परिसरात त्याने माणसं नेली. पसरवणारं गोचीड खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि पातेऱ्यात बसून वाट बघतं. बागेत जाताना लांब पँट मोज्यांत खोचावी, आरोग्य खात्याचं डेपा तेल उघड्या अंगाला लावावं, पातेऱ्यावर बसू नये. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकून गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, काखेत आणि कानामागे हात फिरवून बघावं. गोचीड सापडलं तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावं. रॉकेल ओतू नये, विडीने चटका देऊ नये, नखाने चिरडू नये. मेलेलं माकड दिसलं तर त्याच्या जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावं, कारण मेलेल्या माकडावरची गोचिडं नवा आधार शोधत खाली उतरलेली असतात.

डेंग्यूच्या डासांना पोफळीच्या बागेत गळून पडलेली विरी, म्हणजे पानाचा द्रोणासारखा रुंद देठ, करवंटी आणि दोडामार्गाकडच्या रबराच्या चिकाच्या वाट्या पुरतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा हे सगळं उपडं घालायचं.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं लांब जाळं, ओढताना गुडघाभर पाण्यात वाळूखाली पाकट पडलेलं असतं. पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत पुढे सरकवलं की ते आधीच निसटतं. काटा लागलाच तर वर दिसणारे तुकडे काढून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंतच्या, अर्धा ते दीड तास बुडवावा. उष्णतेने विषाचा जोर ओसरतो आणि ठणका उतरतो. पाण्याची ऊब दुसऱ्याने हाताने बघावी, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. मग काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना हे बघायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला दवाखाना. काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल तर तो उपसू नये, तसंच न्यावं.

पायांखालून वाहून जाणारं हे सगळं शेवटी विहिरीत येतं. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यातून झरझर उतरतं आणि वाटेत पुरेसं गाळलं जात नाही. जुलैत विहीर काठोकाठ भरते, पाण्याला तांबूस झाक येते, आणि वाडीत जुलाब सुरू होतात. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड, टाकलेली असते, तरीही. चूक मापात असते. मे महिन्यात ठरवलेली मूठ जुलैत पुरत नाही. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, पाण्याच्या खोलीने गुणावं, मग 0.785 ने गुणावं, म्हणजे घनमीटर येतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 28 हजार लिटर. चांगल्या पावडरीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम. तीच विहीर पावसात 8 मीटर भरली की 140. आणि पावडर चांगली हवी. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो, पण कोकणच्या दमट हवेत उघडी पिशवी ठेवली की तो उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो.

पुराचं पाणी शिरलेली विहीर आधी उपसून, कठडा घासून मग दुहेरी मात्रा द्यावी. मात्र भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असताना एका दमात कोरडी करू नये, आतल्या भिंती कोसळतात. उपसायला डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू आत साठतो, त्याला वास नसला तरी माणूस जागीच पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

एरवीचं काम रात्रीचं. वाडीतली शेवटची कळशी भरून झाली की जलसुरक्षकाने, म्हणजे गावच्या पाण्याची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याने, पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करावी, मग पाणी घालून ढवळावं आणि दहा मिनिटं स्थिर ठेवावं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावं, तळाचा चुना टाकून द्यावा, विहिरीत नाही. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वरखाली आणि आजूबाजूला हलवावी. निदान एक तास पाण्याला हात लावू नये. सकाळी नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोल्युडिन द्रावणाचे, थेंब टाकायचे आणि उमटलेला पिवळा रंग लगेच पट्टीशी जुळवायचा. तो 0.5 च्या खुणेपर्यंत यायला हवा. तपासलेलं पाणी विहिरीपासून लांब ओतायचं. रंग फिका असेल, तर कळश्या काठावरच ठेवून पुन्हा बादली सोडायची.